पाचोडची बस आणि टोपलीतली पिल्लं

समुद्र गाठायचा तर आमच्या शहरातून अख्खा दिवस मोडतो. बहुधा म्हणूनच माझा धंदा चालला.

एकवीस वर्षं मी कोकण सहलींचा मॅनेजर आहे. आधी दुसऱ्याच्या कंपनीत होतो. आता स्वतःची एक बस आहे, दुसरी लागेल तेव्हा भाड्यानं घेतो. मॅनेजर म्हणजे काय, तर माईक धरून बोलायचं, घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, माळकऱ्यांची पंगत मासे खाणाऱ्यांपासून लांब मांडायची, आणि चौतीस उतरले तर चौतीसच चढले का ते मोजायचं. स्वभावानं मी कमी बोलणारा. माईकवर बोलतो ते सगळं पाठ केलेलं असतं.

संपादकांनी सांगितलं, गमतीजमती लिहा. त्या आहेतच.

माझे प्रवासी पैठण, पाचोड आणि शहरातल्या मुकुंदवाडीकडचे. निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांच्या मनात मोठं पाणी म्हणजे पैठणच्या धरणाचा नाथसागर. हरिहरेश्वरला उतरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "पलीकडचा काठ कोणत्या गावाला लागतो?" पाणी खारट आहे हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रत्येक जण बोट बुडवून चाखतो आणि शेजाऱ्याला सांगतो. बायका बाटल्या भरून घेतात, देवघरात ठेवायला. परतीच्या वाटेवर त्या बाटल्या सीटखाली गडगडत असतात.

पाचोडचे बाबूअण्णा नावाचे एक बागायतदार आहेत. मोसंबीची बाग, घरात तीन भाऊ, बस भरायला त्यांचा गोतावळाच पुरतो. पहिल्यांदा समुद्र पाहताना त्यांनी कपाळावर हात धरून दोन्ही अंगांची हद्द न्याहाळली. मग मला विचारलं, "ह्याचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

"सरकारच्या."

"आन् वहिवाट?"

"कोळ्यांची."

"मग वाद असंलच," म्हणाले, आणि समाधानानं चपला काढून पाण्यात गेले.

किल्ल्यांचंही तसंच. सिंधुदुर्गात मी तटबंदी, बुरूज, पायाचं शिसं असं सगळं सांगतो. लोक माना डोलावतात. पण भर समुद्रातल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत म्हटलं, की आमचा शेतकरी जागा होतो. तोफेपाशी पाच मिनिटं, विहिरीपाशी पाऊण तास. झरा कोणत्या अंगानं आहे यावर दोन व्याह्यांचं मी तिथं भांडण झालेलं पाहिलंय.

भरती-ओहोटी समजावणं मात्र या लोकांना सोपं जातं. कोकणातलं जुनं गणित आहे: तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा, येईल तो साधारण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. आमची माणसं कॅलेंडर न बघता तिथी सांगतात, त्यामुळे मी बोटं मोजेपर्यंत मागून कुणीतरी उत्तर देतं. समुद्र वेळेवर चालतो हे त्यांना फार आवडतं. माझी चूक या आवडीतूनच झाली, असं आता वाटतं. समुद्रातलं सगळंच वेळेवर चालतं असं मीही धरून चाललो.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगतो. पुढचं सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. या वर्षी तीन जणांना सांगून झालं, म्हणून इथं लिहितोय.

कोकण किनाऱ्यावर काही गावांत समुद्री कासवांची अंडी राखतात. मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. ती कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून गावातले राखणदार ती उचलून कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुरतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं आपोआप वाळूतून वर येतात. ती लांब पळू नयेत म्हणून घरट्यावर टोपली उपडी घातलेली असते. राखणदार सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतो. पिल्लं आली असतील तर मोजतो, वहीत लिहितो आणि लगेच पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतो. पुढं ती स्वतः चालत जातात. वर आलेल्या पिल्लाच्या अंगात जी धाव असते ती त्याला लाटांच्या पलीकडं न्यायला दिलेली असते. ती दुसऱ्या कशात खर्च झाली तर परत मिळत नाही. हे मला दत्तारामनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी माईकवर हेच सांगायचो.

दत्ताराम त्या गावचा राखणदार. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा यात दोष नाही. माझ्याच वयाचा, काटक, चेहऱ्यावर फारसं काही न दाखवणारा. माझ्या बसचं जेवण त्याच्या घरी असायचं. त्याची बायको तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी करायची, माळकऱ्यांना काळ्या वाटाण्याची आमटी.

माझ्या जाहिरातीच्या पत्रकावर मी एक ओळ छापली होती: कासवाची पिल्लं समुद्रात जाताना हमखास पाहा. दत्तारामनं ते पत्रक वाचून मला म्हटलं होतं, "मॅनेजर, हमखास कशाला लिवलात? अंडी आपल्याला विचारून फुटतात काय?" मी हसून सोडून दिलं.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या पहिल्या खेपेला तीन वेळा टोपली उचलली, खाली कोरडी वाळू. एक प्रवासी दत्तारामच्या अंगावर धावून गेला, "आमाला उल्लू बनवता का?" म्हणून. आणखी दोघं प्रवासी पैसे परत मागत बससमोर मांडी घालून बसले. पंधरा दिवसांनी दुसरी खेप होती, बाबूअण्णांची. निघताना अण्णा म्हणाले, "मॅनेजर, सोयऱ्यांना मी सांगून आणलंय. पिल्लू दिसलं पाहिजे बरं का. नाय तर मपल्या तोंडाकडं बघतील समदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला आम्ही ताम्हिणी घाटाच्या अलीकडं नाश्त्याला थांबलो होतो. हॉटेलच्या मागं हात धुवायचे नळ होते, तिथं मी उभा असताना दत्तारामचा फोन आला.

"मॅनेजर, आलीत वर. अकरा."

"कधी?"

"आता, उजाडता उजाडता. सोडतोय."

"थांब. सोडू नको."

"म्हंजे?"

"आम्ही पाचला पोचतोय. पाचला सोड."

"अवो, सकाळची पिल्लं संध्याकाळपर्यंत? तसा नाय चालत."

"ओली वाळू घाल, सावलीत ठेव. धरून ठेव, दत्ताराम. चौतीस माणसं आहेत. मागच्या खेपेला काय झालं ते तू बघितलंस."

त्याच्या घरी होणारं जेवण माझ्या बसचं होतं. मी ते बोललो नाही, बोलायची गरज नव्हती.

"पाच म्हंजे पाच," तो शेवटी म्हणाला.

"पाच म्हणजे पाच," मी म्हणालो आणि बसमध्ये जाऊन माईकवर जाहीर केलं की आज पिल्लं दिसणार. टाळ्या पडल्या.

आम्ही पाचला पोचलो नाही. हरिहरेश्वरला दर्शनाची रांग होती, जेवणं लांबली. पुढं खाडी ओलांडायला गाड्या वाहून नेणारी फेरीबोट असते, तिथं सुट्टीच्या गर्दीत दोन फेऱ्या आमच्यासमोरून भरून गेल्या. किनाऱ्यावर उतरलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. दत्ताराम टोपली घेऊन उभा. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

प्रवाशांना दोरीमागं बसवलं. दत्तारामनं एकेक पिल्लू वाळूत ठेवलं. तळहाताच्या मधोमध मावेल एवढं, काळसर. एरवी ही पिल्लं चावी दिलेल्या खेळण्यासारखी सुटतात. ही सुटली नाहीत. दोन-तीन हळूहळू चालायला लागली, दोन हात गेली, थांबली. काही नुसती मान टेकवून पडली.

दोरीला लागून भामाबाई बसल्या होत्या. पाचोडजवळच्या एका वस्तीवरच्या, आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेलं. मुलगा शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला, मुकुंदवाडीत राहतो. त्यानं आईला समुद्र दाखवायला एकटीलाच पाठवलं होतं. वाटेत सबंध दोन दिवस त्या कुणाशी फार बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला हातानं खाली बसायची खूण केली.

"कव्हा जल्मली ही?"

"आत्ताच, मावशी."

"आत्ताची नव्हं." आवाज न चढवता त्या म्हणाल्या. "करडू जल्मलं की घटकाभरात पाय झाडतं, उठाया बघतं. ह्यांनी पाय झाडून झाडून सोडलेत. सकाळची हायेत."

मी उठलो. माईक नव्हता, तरी माईकच्याच आवाजात म्हणालो, "मंडळी, आता ही पहिली पिल्लं पाण्याला लागतायत, टाळ्या वाजवून निरोप द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. बाबूअण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "मॅनेजर, शब्दाला जागला बरं का तुमी."

चार पिल्लं लाटेत गेली. त्यातली दोन पुढच्या लाटेनं परत आणून टाकली. अंधारून आलं तसं लोक चहाला गेले. दत्ताराम राहिलेली पिल्लं ओंजळीत घेऊन गुडघाभर पाण्यात गेला. ही गोष्ट राखणदार कधी करत नाहीत, पिल्लानं स्वतः चालायचं असतं. तो परत आला तेव्हा टोपलीत तीन होती. ती त्यानं वाळूत पुरली. मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला, "जेवायला चला. भाकऱ्या निवतील." त्या दिवशी आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

आम्ही शहरात परतल्यावर आठवड्यानं फोन आला. कासवांचं काम बघणारी जी संस्था आहे, तिच्या तालुक्याच्या कामाला एक ताई होत्या, त्यांचा. गावात मुक्कामाला असलेल्या एका पाहुण्यानं सकाळी सातला टोपलीतल्या पिल्लांचा फोटो काढून फेसबुकवर टाकला होता. वहीत मात्र नोंद संध्याकाळची होती. ताईंनी दत्तारामला विचारलं, तो म्हणाला, माझ्याकडून झालं. त्यांना ते पटलं नव्हतं.

"तुमच्या बससाठी थांबवली का पिल्लं?" त्यांनी मला सरळ विचारलं.

मी म्हणालो, "आम्हाला काही कल्पना नाही, ताई. आम्ही आलो तेव्हा तो टोपली घेऊन उभाच होता."

खोटं बोलायला मला वेळ लागला नाही, याचं आजही नवल वाटतं. दुसरं वाक्य तर खरंच होतं.

दत्तारामचं काम गेलं. पुढच्या हंगामात दुसरा राखणदार आला. मी बस नेत राहिलो. जेवण दुसऱ्या घरी लावलं, कारण दत्तारामच्या घरी जाणं मला जमेना. म्हणजे माझ्यामुळे त्याचं एक काम गेलं आणि माझ्या लाजेपायी दुसरंही गेलं. बाबूअण्णांना सांगितलं, तिकडचा स्वयंपाक आता बरोबर होत नाही. हेही खोटं.

तो खाडीवरच्या फेरीबोटीवर दोर बांधायच्या कामाला लागला. त्या गावाला जायचं तर मला फेरी चुकत नाही. सहा वर्षं मी फेरीवर बसमधून खाली उतरलो नाही. प्रवासी उतरून कठड्याला टेकतात, बगळे-घारी बघतात, मी सीटवर कागद चाळत बसायचो. एकदा त्यानं काचेवर टकटक केली. मी काच सरकवली. "किती सीट?" त्यानं विचारलं. तिकिटाची मोजणी होती. "बत्तीस," मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गाडीकडं गेला.

या वर्षी संक्रांतीनंतर भामाबाईंचा मुलगा माझ्या मुकुंदवाडीच्या ऑफिसात आला, सासरच्या मंडळींची सहल ठरवायला. भामाबाई सोबत होत्या. तो फॉर्म भरत असताना त्यांनी मला विचारलं, "तो टोपलीवाला माणूस हाय का आजून?"

"आहे."

"त्याच कामाला?"

"नाही. ते काम गेलं त्याचं."

"कशापायी?"

मी सांगितलं, पिल्लं उशिरा सोडली म्हणून.

"मग तुमी सांगितलं नाय का त्यांना? तुमीच धरून ठिवाया लावली म्हून?"

मी टेबलावरची पत्रकं सरळ करायला लागलो.

"मी हात धुत व्हते तव्हा नळावर, तुमच्या मागं," त्या म्हणाल्या. "धरून ठेव म्हणले तुमी, फोनवर. म्हून तर तिथं इचारलं तुमाला. म्हणलं, बघू काय सांगत्यात."

मुलानं फॉर्मवरून मान वर केली. "काय गं माय?"

"काय नाय. तू लिव्ह."

जाताना त्या दारात थांबल्या. "मी बी गप बसले," म्हणाल्या. "मपलं काय जात व्हतं सांगाया? पर मला त्याचं घर ठावं नव्हतं. तुमाला व्हतं."

चार दिवसांनी मी एसटीनं कोकणात गेलो. बसशिवाय, माईकशिवाय तिकडं जायची माझी पहिलीच वेळ. दत्ताराम धक्क्यावर दोर गुंडाळत होता.

"गाडी कुठं ठेवलीत?" त्यानं विचारलं.

"एकटाच आलोय."

मी उभ्या उभ्या सांगितलं. ताईंशी खोटं बोललो ते, जेवण का हलवलं ते, सीटवरून का उतरत नव्हतो ते. आता जाऊन ताईंना खरं सांगणार आहे आणि तुझं काम परत देता येतं का ते विचारणार आहे, असंही म्हणालो.

तो दोर गुंडाळत राहिला. "काम नको मला," म्हणाला. "टोपली माझ्या हातात होती. नाय म्हणायला तोंड होता मला. दोष तुमच्या एकट्याचा नाय."

"मग मी काय करू?"

"वही बदलून घ्या."

मला कळलं नाही. त्यानं दोर खाली ठेवला.

"अकरा नव्हती ती. तेरा होती. तुमचा फोन ठेवला तं मागनं वर आलेली आणखी दोन टोपलीच्या कडेवर चढून बसली होती. तेवढी दोन मी सोडली, तेव्हाच. ती काय धावली म्हणून सांगू तुमाला. तुमाला अकरा सांगितली होती आणि वहीत लिवली असती तेरा, तं दोन कधी सोडली ते लिवावा लागला असता. म्हणून अकरा लिवली." त्यानं हात पुसले. "शेवटाला घरटा उकरून रिकामी टरफलं मोजतात. त्यात दोन पिल्लांचा हिशेब लागेना. तं त्यांनी शेरा मारला, दोन पिल्लं कुत्र्यानं नेली."

खाडीतून फेरी येत होती. त्यानं तिकडं बघितलं.

"नऊ वर्षं राखण केली मी. माझ्या कुंपणात कुत्रा कधी शिरला नाय, मॅनेजर. काम गेला त्याचा काय नाय. पण तो कुत्रा अजून वहीत हाय."

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या गावी ताईंकडं गेलो. त्या आता त्या कामातल्या मोठ्या जागेवर आहेत, केस पिकलेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "सहा वर्षं लागली तुम्हाला."

त्यांनी कपाटातून त्या हंगामाची वही काढली. पान मिळालं. दत्तारामचं अक्षर टपोरं, शाळेतल्यासारखं. ताईंनी अकरा खोडून तेरा केलं. सकाळी वर आली, दोन तेव्हाच सोडली, अकरा सायंकाळपर्यंत टोपलीत ठेवली, असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात "सहल व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून" आणि पुढं माझं नाव. पुढचं पान उलटून कुत्र्याच्या ओळीवर रेघ मारली. मग वही माझ्याकडं फिरवून म्हणाल्या, "सही करा." मी केली.

"या हंगामात तुमची बस नको आमच्या किनाऱ्यावर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळचं पुढं बघू." मी बरं म्हटलं. परतल्यावर पत्रकातली ती ओळ काढली. बाबूअण्णांना खरं कारण सांगितलं. ते फोनवर म्हणाले, "म्हंजी आमी टाळ्या वाजिवल्या त्या..." आणि वाक्य तिथंच सोडलं. या वर्षी त्यांनी माझ्याकडं बस घेतली नाही.

ताईंच्या ऑफिसातून बाहेर पडल्या पडल्या मी दत्तारामला फोन लावला होता. पाठीमागं फेरीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"तेरा झाली," मी म्हणालो.

"पेनानं लिवला का पेन्सिलीनं?"

"पेनानं. खाली माझी सही आहे."

"आणि कुत्रा?"

"खोडला."

"मग बरा झाला," तो म्हणाला. फेरी धक्क्याला लागत होती, त्यानं फोन ठेवला.